चीनचा व्यापार : संस्कार, सत्ता आणि कुळवहीबाहेरची माणसे

चीनने गेल्या चार-साडेचार दशकांत व्यापार-उद्योगात जी मजल मारली, तिचे स्पष्टीकरण देताना आपल्याकडचे लेखक सहसा दोनपैकी एका खुंटीवर सगळे टांगून मोकळे होतात. पहिली खुंटी संस्कृतीची. चिनी माणूस कष्टाळू, काटकसरी, वडीलधाऱ्यांचा मान राखणारा, घराण्यासाठी झिजणारा. ही कन्फ्यूशियसची शिकवण अडीच हजार वर्षे त्याच्या अंगात मुरलेली आहे, म्हणून तो व्यापारात पुढे, असे हे लोक सांगतात. दुसरी खुंटी सत्तेची. तिथे एका पक्षाचे राज्य आहे, वरून हुकूम सुटतो, खाली कारखाना उभा राहतो, एवढेच त्यांचे सांगणे. पहिले म्हणणारे संस्काराचे गोडवे गातात. दुसरे म्हणणारे कधी हुकूमशाहीला शिव्या देतात, तर कधी मनातल्या मनात तिचा हेवा करतात.

मी इतिहासाचा शिक्षक आहे आणि वर्गात हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. त्यामुळे या दोन्ही खुंट्या जरा हलवून पाहणे मला भाग पडले. मला असे दिसते की, चीनच्या व्यापाराच्या इतिहासात संस्कार आणि सत्ता या दोन वेगळ्या शक्ती नाहीत. कोणाला व्यापार करता येईल हे सत्तेच्या वहीत ठरते. त्या वहीत ज्यांचे नाव लागते ते आपला गोतावळा घट्ट बांधतात. आणि पुढे त्या गोतावळ्याच्या शिस्तीलाच संस्कृती हे नाव मिळते. हा सगळा व्यवहार ज्यांच्या पाठीवर उभा राहिला, त्या माणसांचा उल्लेख मात्र दोन्ही खुंट्यांवर सापडत नाही. या लेखात मला त्यांच्याकडे यायचे आहे.

१

आधी कन्फ्यूशियसचा हिशोब पाहू. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९१५ साली चीनच्या धर्मविचारावर प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि १९२० साली तो वाढवला. चीनमध्ये आधुनिक भांडवलशाही का जन्मली नाही, हा त्याचा प्रश्न. त्याच्या उत्तरात राज्ययंत्रणा, शहरे, कायदा या सगळ्यांचा विचार होता. पण त्याचा मुख्य रोख कन्फ्यूशियसच्या नीतीवर होता. ही नीती माणसाला जगाशी जुळवून घ्यायला शिकवते, नातेगोते सर्वश्रेष्ठ मानते, सरकारी अधिकारी होणे हेच आयुष्याचे सार्थक समजते. म्हणून तिथे भांडवलशाही रुजली नाही, असे त्याचे म्हणणे.

साठेक वर्षे गेली. जपान, तैवान, हाँगकाँग, सिंगापूर, दक्षिण कोरिया श्रीमंत झाले. १९७९ साली हर्मन कान नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने या भरभराटीचे श्रेय त्याच कन्फ्यूशियसच्या नीतीला देऊन टाकले. सिंगापूरने १९८४ पासून माध्यमिक शाळांत ‘कन्फ्यूशियसची नीती’ हा विषय सुरू केला. खुद्द चीनमध्ये १९६६ साली लाल रक्षकांनी छूफू येथील कन्फ्यूशियसच्या समाधीची मोडतोड केली होती आणि १९७४ साली त्याच्याविरुद्ध देशभर मोहीम चालली होती. त्याच चीनने २००४ पासून जगभर आपली भाषा शिकवणाऱ्या संस्था काढल्या आणि त्यांना नाव दिले कन्फ्यूशियसचे.

एकच माणूस, एकच शिकवण. दारिद्र्याचे कारण तीच आणि ऐश्वर्याचे कारणही तीच! जे कारण दोन्ही बाजूंना लागू पडते ते काहीच सिद्ध करत नाही, हे तर्काचे साधे तत्त्व आहे. मग संस्कारांचा काहीच परिणाम नसतो का? असतो. पण तो पाहायचा तर ग्रंथांतून उठून बाजारात जावे लागते.

२

प्राचीन चीनच्या ग्रंथांत समाजाची चार श्रेणींत मांडणी आहे. सर्वांत वर विद्वान-अधिकारी, मग शेतकरी, मग कारागीर आणि सर्वांत खाली व्यापारी. हान घराण्याच्या पहिल्या सम्राटाने व्यापाऱ्यांना रेशीम नेसायला आणि रथात बसायला बंदी केली होती. चार श्रेणी म्हटल्यावर आपल्या वाचकाच्या मनात चातुर्वर्ण्य उभे राहणे स्वाभाविक आहे. पण इथे घाई करू नये. ही उतरंड जन्माने कायमची बंद नव्हती. व्यापाऱ्याचा मुलगा पुढच्या काळात परीक्षा देऊन अधिकारी होऊ शके. पैसे भरून पदवीही विकत घेऊ शके. शिवाशिव तर या चौघांत नव्हतीच.

या उतरंडीचा खरा उपयोग राज्यसत्तेला झाला. व्यापारी नीतीने खालचा ठरवला की त्याच्या धंद्यावर हात टाकणे सोपे जाते. इसवी सनापूर्वी ११७ च्या सुमारास हान सम्राट वू-ती याने मीठ आणि लोखंड यांची सरकारी मक्तेदारी उभी केली. सीमेवरच्या लढायांना पैसा हवा होता. इसवी सनापूर्वी ८१ साली या मक्तेदारीवर दरबारात मोठा वाद झाला. गंमत अशी की, मक्तेदारीची बाजू लढवणारा मंत्री सांग होंगयांग हा स्वतः व्यापाऱ्याचा मुलगा होता. आणि राजाने नफ्यासाठी प्रजेशी स्पर्धा करू नये असे म्हणणारे होते ते कन्फ्यूशियसचे अनुयायी. म्हणजे कन्फ्यूशियसवाद हा सत्तेचा आज्ञाधारक पोपट होता, असेही सरसकट म्हणता येत नाही. वाद झाला, पण मीठ सरकारच्या हातून फार काळ सुटले नाही. पुढची अनेक शतके चिनी राज्याच्या तिजोरीचा एक मोठा आधार मीठ हाच राहिला.

३

मिठाच्या आधाराने उभी राहिलेली सर्वांत प्रसिद्ध व्यापारी मंडळी म्हणजे हुइचौची. आजच्या आनह्वेइ प्रांताच्या दक्षिणेला हा डोंगराळ मुलूख आहे. शेतजमीन थोडी, माणसे जास्त. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की त्याला धंद्यासाठी बाहेर धाडायचे, अशी तिथली रीत. हे लोक काटकसरी आणि शिकलेले होते, यात शंका नाही. पण काटकसर करणारे गरीब चीनमध्ये गावोगाव होते. हुइचौचेच लोक अफाट श्रीमंत का झाले?

याचे उत्तर सरकारी कागदात आहे. मिंग राज्याने १३७० साली एक पद्धत सुरू केली. व्यापाऱ्याने उत्तर सीमेवरच्या फौजेला धान्य पोचवायचे आणि बदल्यात सरकारने त्याला मिठाचा परवाना द्यायचा. पुढे धान्याऐवजी चांदी भरली तरी परवाना मिळू लागला आणि मिठागरांच्या जवळ असलेल्या हुइचौकरांचे फावले. १६१७ साली सरकारने परवानाधारक व्यापाऱ्यांची नावे एका नोंदवहीत लिहिली आणि तो हक्क वंशपरंपरा करून टाकला. ज्याचे नाव वहीत नाही त्याला मिठाच्या घाऊक व्यापारात पाऊल टाकता येणार नाही! यांगचौ शहरात हुइचौच्या मीठव्यापाऱ्यांचे वाडे, बागा, ग्रंथसंग्रह आणि नाटकमंडळ्या उभ्या राहिल्या त्या या वहीच्या जोरावर. याची किंमतही त्यांना मोजावी लागे. युद्ध निघाले, पूर आला, सम्राटाची स्वारी दक्षिणेत आली, की लाखो तोळे चांदीची ‘देणगी’ द्यायची. वहीत नाव ठेवणारा हात नाव काढूही शकतो, हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक होते.

आता संस्कार पाहा. बाराव्या शतकातला थोर कन्फ्यूशियसवादी पंडित चू शी याचे मूळ घराणे हुइचौचे. त्याने सांगितलेले कुलाचार तिथले लोक कसोशीने पाळत. गावोगाव पूर्वजांची कुलमंदिरे, कुलमंदिरात वंशावळीच्या वह्या, कुळाची सामाईक जमीन, कुळाची शाळा. मुनीम भाऊबंदांतला, भांडवल मामाचे आणि सासऱ्याचे, परगावी उतरायला जागा गाववाल्यांच्या धर्मशाळेत. हे सगळे केवळ भक्तीपोटी नव्हते. हजार मैलांवर माल पाठवला आणि तिथल्या माणसाने पैसे बुडवले, तर कोणत्या न्यायालयात जायचे? व्यापाऱ्याला भरवसा देईल असा कायदा नव्हता. म्हणून कुळ हीच पेढी, कुळ हेच न्यायालय. पैसे बुडवणाऱ्याचे नाव वंशावळीतून काढण्याची भीती हीच त्याची जप्ती आणि तोच त्याचा तुरुंग. पितृभक्तीचे मूल्य इथे तारणासारखे वापरले गेले.

या तारणाचा भार कोणी वाहिला, तेही पाहिले पाहिजे. पुरुष वर्षानुवर्षे बाहेर; घरी बायको सासूसासऱ्यांची सेवा करत बसलेली. नवरा परमुलखात मेला तर तिने पुन्हा लग्न करायचे नाही, कारण तिच्याबरोबर घरातले भांडवल आणि मूलही दुसऱ्या कुळात जाण्याचा धोका. अशा विधवांच्या सन्मानार्थ सरकारी परवानगीने दगडी कमानी उभारल्या जात. तांगयुए गावात पाओ कुळाच्या सात कमानी आजही ओळीने उभ्या आहेत. निष्ठा, पितृभक्ती, दानधर्म आणि वैधव्यातले पावित्र्य यांचा गौरव करणाऱ्या. प्रवासी त्यांची छायाचित्रे काढतात. त्या दगडांखाली किती बायकांचे तारुण्य पुरले आहे याची नोंद कोणत्याही जमाखर्चात नाही.

४

आणि आता मुख्य गोष्ट. हुइचौच्या प्रत्येक मोठ्या कुळाच्या आसपास काही घराणी अशी होती की ज्यांची नावे वंशावळीत नव्हती. त्यांना पिढीजाद चाकर म्हणत. ते मालकाची जमीन कसत, मालकाच्या जागेत राहत आणि मेल्यावर मालकाच्या डोंगरात पुरले जात. या तीन कारणांनी ते आणि त्यांची मुलेबाळे मालकाची बांधील. मालकाच्या घरी लग्न असो की मयत, पालखी वाहणे, वाजंत्री वाजवणे, पडेल ते काम करणे हे त्यांचे ‘कर्तव्य’. त्यांना मोठ्या कुळांशी सोयरीक करता येत नसे आणि परीक्षेला बसता येत नसे.

म्हणजे ग्रंथातल्या चार श्रेणींच्या खाली एक पाचवी जागा होती आणि ती जन्माने ठरत होती. सरकारी भाषेत या लोकांना ‘च्येनमिन’, म्हणजे हीन लोक, असे नाव होते. शान्सी प्रांतातले वाजंत्री, च च्यांग प्रांतातले ‘तुओमिन’ म्हणजे पतित लोक, दक्षिण किनाऱ्यावरचे होडीतच जन्मून होडीतच मरणारे तान लोक, हुइचौचे पिढीजाद चाकर. हे सगळे त्यात मोडत. बाकीचे लोक ‘ल्यांगमिन’, म्हणजे भले लोक. भारतातल्या अस्पृश्यतेसारखी धर्मग्रंथांनी पवित्र केलेली ती संस्था नव्हती आणि संख्येनेही हे लोक थोडे होते. पण जन्म, धंदा, विवाहबंदी आणि शिक्षणबंदी या चार खिळ्यांनी माणूस ठोकून ठेवण्याची युक्ती आपल्या ओळखीची आहे.

चिंग घराण्याचा सम्राट योंगचंग याने १७२३ साली वाजंत्री आणि तुओमिन यांना, १७२७ साली हुइचौच्या चाकरांना आणि १७२९ साली तान लोकांना या हीन नोंदीतून मोकळे केले. सम्राटाच्या मनात समतेचा उमाळा आला होता असे मी म्हणत नाही. सगळी प्रजा एका मापाची असली की राज्य चालवायला सोपे जाते, हा हिशोबही त्यात होता. पण हुकूम निघाला हे खरे. पुढे काय झाले? १७७१ साली नियम झाला की, हीन धंदा सोडल्याची सरकारात नोंद केल्यानंतर चौथ्या पिढीलाच परीक्षेला बसता येईल, तेही सगळे जवळचे नातेवाईक ‘स्वच्छ’ राहिले असतील तरच. हुइचौचे मालक तर हुकुमाविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या कज्जे लढत राहिले. १८०९ साली सरकारला पुन्हा त्याच चाकरांविषयी निर्णय द्यावा लागला. ज्या कुलमंदिरांत दयाधर्माचे पाठ चालत, तीच कुळे आपल्या चाकरांना सोडायला तयार नव्हती.

चिनी साहित्यातला सर्वांत मोठा लेखक लू शुन हा शाओशिंगचा. तुओमिनांची वस्ती त्याच शहरात होती. १९३३ साली त्याने त्यांच्यावर एक छोटा लेख लिहिला. त्याच्या घरी सणासुदीला तुओमिनांच्या बायका येत, राबत, थोडे धान्य-पैसे घेऊन जात. १९११ ची क्रांती झाल्यावर लू शुनच्या आईने त्यांतल्या एकीला सांगितले की, आता आपण सगळे सारखे झालो, तुम्ही यायची गरज नाही. ती बाई आनंदली नाही, उलट संतापली. हे येणे-जाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे आणि ते चालूच राहणार, असे तिचे उत्तर होते.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. गावकीची कामे सोडायची असे आमच्या तरुणांनी ठरवले तेव्हा ‘पिढीजात भाकर का मोडता’ म्हणून ती चार दिवस रुसून बसली होती. सत्ता एका दिवसात हुकूम काढते; पण ज्या माणसाला दुसरा रोजगार, दुसरी जमीन आणि दुसरी ओळख मिळालेली नाही, त्याला ती गुलामगिरीच हक्कासारखी वाटते. संस्कृतीचा परिणाम होतो तो असा. तो फक्त शेठजीच्या काटकसरीत शोधून चालणार नाही.

५

एकोणिसाव्या शतकाकडे मी झपाट्याने जातो. १७५७ पासून युरोपीय व्यापाऱ्यांना सागरी मार्गाने फक्त कँटन बंदरात व्यापाराची मुभा होती आणि तोही सरकारने नेमलेल्या मोजक्या पेढ्यांमार्फत. त्यांतला हौक्वा हा त्या काळच्या जगातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक. मुंबईचा आणि या व्यापाराचा संबंध थेट आहे. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू कँटनला जाई आणि जमशेटजी जीजीभाईंसारख्यांची संपत्ती त्यातून उभी राहिली. हौक्वाची पेढीही परवान्यावरच होती. सोबतच्या पेढीचे दिवाळे निघाले तर तिचे परकीय कर्ज इतरांनी फेडायचे, असा सरकारचा दंडक होता. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने ही पद्धत मोडली.

पुढे १८७२ साली ली होंगचांग याने जहाज कंपनी काढली, तिचे सूत्र होते : देखरेख अधिकाऱ्याची, कारभार व्यापाऱ्याचा. १८९४ च्या राजपरीक्षेत पहिला आलेला चांग च्येन हा पंडित नानतुंगला परतला आणि १८९९ साली त्याची सूतगिरणी सुरू झाली. तिच्या चात्या सरकारने आणून पडून राहिलेल्या होत्या. त्याने शाळा काढल्या, वस्तुसंग्रहालय काढले. पण १९२० नंतर गिरणी कर्जात बुडाली आणि धनकोंच्या हाती गेली. विद्वान-व्यापाऱ्याचा हा आदर्श आज पुन्हा मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. त्याच्या गिरणीत राबणाऱ्या शेतकरी बायकांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

६

१९४९ च्या क्रांतीने जमीनदारी मोडली. १९५० च्या कायद्याने भूमिहीनांना जमीन मिळाली, साक्षरता पसरली, बायकांना विवाहाचा आणि घटस्फोटाचा हक्क मिळाला. पुढच्या कारखान्यांना जो लिहिता-वाचता येणारा, धडधाकट कामगार मिळाला तो या काळातून आलेला आहे. चीनच्या भरभराटीची गोष्ट १९७८ पासून सुरू करणारे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. १९५६ पर्यंत खाजगी उद्योग सरकारी भागीदारीत विलीन झाले. वूशीच्या गिरणीमालक घराण्यातला रोंग यीरेन याने आपल्या गिरण्या सरकारला दिल्या. १९७९ साली त्यालाच सरकारने गुंतवणूक महामंडळ काढायला लावले आणि १९९३ साली तो देशाचा उपाध्यक्ष झाला.

पण याच क्रांतीने दोन गोष्टी अशा केल्या की ज्यांनी जन्म पुन्हा नोंदवहीत आणला. एक, जमीनदार, श्रीमंत शेतकरी, गरीब शेतकरी अशी वर्गाची चिठ्ठी बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. ती १९७९ साली काढण्यास सुरुवात झाली. दोन, जानेवारी १९५८ च्या कायद्याने प्रत्येक माणसाची शेतकी किंवा बिगरशेतकी अशी घरनोंद पक्की केली. तिला ‘हूकोउ’ म्हणतात. शहरी नोंद असलेल्याला रेशन, घर, नोकरी, दवाखाना; खेड्यातल्याने खेड्यातच राहायचे. ही नोंद आईकडून मुलाकडे जाई आणि तो नियम १९९८ साली सैल झाला. हेतू अन्नधान्य आणि शहरे सांभाळण्याचा असेल. परिणाम मात्र जन्मसिद्ध दर्जाचा झाला.

७

आता १९७८ नंतरचा चीन. संस्कृतीवाल्यांचे आवडते उदाहरण म्हणजे च च्यांग प्रांतातले वेनचौ. डोंगर आणि समुद्र यांमध्ये दबलेले, जमीन थोडी, सरकारी गुंतवणूक त्याहून थोडी. इथल्या लोकांनी बटणे, बूट, विजेची बारीकसारीक उपकरणे घराघरांत बनवून देशभर विकली. भांडवल कुठून आले? नातेवाइकांकडून आणि भिशीतून. तिथे तिला ‘हुइ’ म्हणतात. पण ती आपल्या चाळीतल्या भिशीहून वेगळी नाही. लगेच सांगितले जाते, पाहा, नात्याचा विश्वास!

माझा साधा प्रश्न आहे : हे लोक बँकेत का गेले नाहीत? कारण सरकारी बँक खाजगी माणसाला कर्ज देत नव्हती. वेनचौच्या एका तरुण मुलीला बटणे विकण्याचा परवाना मिळाला तो ११ डिसेंबर १९८० रोजी. वैयक्तिक धंद्याचा चीनमधला पहिला परवाना म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९८१ च्या नियमाप्रमाणे अशा माणसाला दोन मदतनीस आणि पाच शागीर्द ठेवता येत. आठवा माणूस ठेवला की ते शोषण. १९८२ साली वेनचौजवळच्या ल्यूशी गावच्या आठ छोट्या कारखानदारांना, लोकांच्या तोंडी ‘आठ राजांना’, आर्थिक गुन्हेगार ठरवून पकडण्याचे हुकूम सुटले. १९८४ साली त्यांना निर्दोष ठरवले. त्याच वर्षी वूहू गावच्या न्येन क्वांगच्यू या भाजलेल्या बिया विकणाऱ्याला हात लावू नका, असे डेंग श्याओफिंग यांना स्वतः सांगावे लागले. त्याच्याकडे तेव्हा शंभराहून अधिक माणसे कामाला होती.

अशा वाऱ्यात माणूस काय करील? आपला कारखाना गावच्या सामुदायिक संस्थेच्या नावावर नोंदवील. याला ते ‘लाल टोपी घालणे’ म्हणत. आपल्याकडे टोपी घालणे म्हणजे फसवणे. वेनचौत टोपी घालणे म्हणजे धंदा वाचवणे. आणि टोपी द्यायला, परवाना द्यायला, वेळेवर डोळेझाक करायला एखादा अधिकारी ओळखीचा लागतो. ‘क्वानशी’ म्हणून ज्या ओळखीपाळखीच्या संस्कृतीवर आज व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तके निघतात, तिचा जीव इथे आहे. दार बंद असले की खिडकीपाशी ओळख लागते. या विश्वासालाही मर्यादा होती. १९८६ साली वेनचौ भागातल्या मोठ्या भिशा कोसळल्या, लोकांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली. २०११ साली सरकारने पत आवळली तेव्हा वेनचौचे किती तरी मालक कर्जे बुडवून रातोरात पळाले. अडीच हजार वर्षांचे संस्कार तेव्हा कुठे गेले होते? ते होते तिथेच होते. पण पैशाची वाट सत्तेने बंद केली की नात्याची दोरी तुटते.

८

शेनचेनला १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्र झाले. कारखाने हाँगकाँग-तैवानच्या मालकांचे, जमीन स्थानिक सरकारची आणि हात खेड्यातून आलेल्या मुलींचे. घरनोंद खेड्यातली असल्यामुळे शहरात त्या पाहुण्या. मुलाला शाळा नाही, दवाखान्याची सवलत नाही, तात्पुरता दाखला हरवला तर पोलीस पकडणार. कारखान्याच्याच वसतिगृहात राहायचे, एकाच गावच्या मुलींनी एकमेकींना जामीन राहायचे. ‘कारखाना हे घर, मालक वडिलांसारखा’ हे वाक्य इथे भिंतीवर लिहिण्यापुरते नव्हते. घरात कोणी जादा कामाचे पैसे मागतो का? घरात कोणी संघटना काढतो का? संपाचा हक्क १९७५ आणि १९७८ च्या संविधानांत होता. १९८२ च्या संविधानातून तो वगळला गेला. म्हणजे जे मूल्य मालकाला हवे होते तेच सत्तेलाही सोयीचे होते.

१९ नोव्हेंबर १९९३ रोजी शेनचेनमधल्या एका खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. दारे कुलूपबंद होती, खिडक्यांना गज होते. ऐंशीहून अधिक कामगार मेले, बहुतेक तरुण मुली. २००३ साली सुन चिगांग हा सत्तावीस वर्षांचा पदवीधर ग्वांगचौत तात्पुरता दाखला जवळ नाही म्हणून पकडला गेला आणि कोठडीतल्या मारहाणीत मेला. देशभर संताप उसळला आणि त्याच वर्षी सरकारला ती पकडापकडीची पद्धत रद्द करावी लागली. २००८ साली कामगार करारांचा कायदा आला. घरनोंदीचे नियम लहान शहरांत बरेच सैल झाले. पण २०२३ साली चीनच्या सरकारी गणनेत खेड्याच्या नोंदीचे मजूर २९ कोटी ७५ लाखांच्या आसपास होते. हुइचौचा चाकर आणि शेनचेनची कामगार मुलगी एकच, असे मी म्हणत नाही. ही मुलगी पगार मिळवते, नोकरी सोडते, भांडते, कधी कधी स्वतःचे दुकान काढते. पण जिथे ती राबली त्या शहराच्या वहीत तिचे नाव नव्हते, एवढे दोघांत समान आहे.

आणि ज्यांचे नाव वहीत सर्वांत वर आहे त्यांचे काय? ऑक्टोबर २०२० मध्ये जॅक मा यांनी शांघायच्या एका सभेत सरकारी बँकव्यवस्थेवर टीका केली. काही दिवसांतच, ३ नोव्हेंबरला, त्यांच्या वित्तसंस्थेची जगातली सर्वांत मोठी ठरू शकणारी भागविक्री थांबवली गेली. एप्रिल २०२१ मध्ये अलीबाबाला सुमारे १८२० कोटी युआन दंड झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच मा राष्ट्राध्यक्षांच्या उद्योजक-बैठकीत समोर बसलेले दिसले आणि त्याच वर्षी मे महिन्यापासून खाजगी उद्योगाला संरक्षण देणारा कायदा लागू झाला. मिठाच्या परवान्यापासून इथपर्यंतची रेघ सरळ आहे. मक्तेदारीला लगाम हवाच, त्याबद्दल मला मालकांसाठी अश्रू ढाळायचे नाहीत. पण जी सत्ता मालकाला एका रात्रीत गप्प करते, ती मजुराच्या संघटनेला काय करील हे वेगळे सांगायला नको.

९

जागतिक बँकेच्या हिशोबाने चाळीस वर्षांत चीनमधले जवळजवळ ८० कोटी लोक आत्यंतिक दारिद्र्यातून बाहेर आले. हा मानवी इतिहासातला फार मोठा बदल आहे आणि त्याला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला तर मुळीच नाही. पण त्याचे श्रेय ‘संस्कारांना’ देऊन मोकळे होणे म्हणजे जमीनवाटपाला, शाळेला, सत्तेच्या धोरणाला आणि वसतिगृहात झोपणाऱ्या त्या मुलींना एकाच वेळी विसरणे होय.

कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे, कारण हीच भाषा आपल्या दारातही बोलली जाते. अमक्या जातीच्या रक्तात व्यापार आहे, तमक्यांना धंदा जमतच नाही, असे सहज म्हटले जाते. ज्यांना गावच्या बाजारपेठेत ओटा मिळाला नाही, सावकाराच्या पेढीवर पत मिळाली नाही, ज्यांच्या हातचे पाणी चालले नाही त्यांच्या हातचा माल कोण घेणार होते? २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांनी आपले चेंबर स्थापन केले, तेव्हा त्यांच्यापुढचा पहिला अडथळा रक्ताचा नव्हता; भांडवलाचा, पतीचा आणि ओळखीचा होता. हुइचौच्या मीठव्यापाऱ्याला नोंदवहीने दिले आणि वेनचौच्या कारागिराला भिशीने दिले, ते आपल्याला मिळवायचे आहे. ते मिळवताना आपल्या कारखान्यात राबणाऱ्याचे नाव आपण कोणत्या वहीत लिहिणार, हे आजच ठरवले पाहिजे. नाहीतर उद्या आपल्यातलेच कोणी कुलमंदिर बांधतील आणि त्याच्या पायरीवर दुसरे कोणी बसलेले असतील.